श्रोता कोण? — स्पॅनिश हिप-हॉपच्या उदयाविषयीं कांहीं विचार

काव्याचा इतिहास लिहितांना कवि कोण होता, त्याचा काल कोणता, त्याच्यावर कोणाची छाया पडली, हे प्रश्न आपण नेहमी विचारतों. परंतु तो कोणासाठीं गात होता, हा प्रश्न बहुधा शेवटच्या पानावर ढकलला जातो. वास्तविक पुष्कळ वेळां याच प्रश्नाच्या उत्तरावर त्या काव्याची भाषा, त्याचें वळण आणि त्याचें भवितव्य अवलंबून असतें. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंत जन्मलेल्या आणि जगभर पसरलेल्या हिप-हॉप या लोककलेचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. ठेक्याच्या साथीवर, सुरांत न गातां तालांत बोलून, यमकामागून यमक गुंफीत जाण्याची जी तऱ्हा तिला रॅप म्हणतात. ती या कलेचें मुख्य अंग होय. या कलेच्या जन्माच्या वेळीं स्पॅनिश बोलणारीं मुलें हजर होतीं. तरीहि तीं आपल्या भाषेंत मोकळेपणानें गाऊं लागण्यास जवळजवळ पंधरा वर्षें जावीं लागलीं. हा विलंब कां झाला आणि अखेर तो बांध कोठें फुटला, हें पाहण्याचा या लेखांत आमचा विचार आहे. तिकडे अशा गायकांस 'लॅटिन' म्हणतात. त्याचा अर्थ प्राचीन रोमच्या भाषेचे नव्हे, तर स्पेन आणि पोर्तुगाल यांनीं वसविलेल्या अमेरिकन देशांशीं नातें सांगणारे, एवढाच घ्यावयाचा.

रॅप म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें गोंगाट, सैल कपडे आणि अर्वाच्य शब्द एवढेंच उभें राहतें. हा आक्षेप अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचा विचार पुढें येईलच. परंतु आमच्याकडील लावणीविषयींहि एके काळीं अशींच नाकें मुरडलीं जात होतीं, आणि पुढें त्याच शाहिरांचीं कवनें शोधून छापण्यांत विद्वानांनीं आयुष्यें वेंचलीं, हें मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागास ब्रॉंक्स म्हणतात. तेथील सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं एका मुलीनें नाचगाण्याची मेजवानी भरविली आणि तिच्या भावानें ग्रामोफोनच्या तबकड्या वाजविल्या. हा भाऊ म्हणजे जमैकांतून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क. हाच दिवस आज हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. गाण्यांतील शब्द थांबून केवळ तालवाद्यें घुमूं लागतात तो तुकडा नाचणाऱ्यांस सर्वांत प्रिय असतो, हें हर्कनें हेरलें. म्हणून दोन यंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवून तेवढाच तुकडा तो लांबवूं लागला. त्या लांबविलेल्या तालावर नाच वाढला, आणि नाचणाऱ्यांस चेव आणणाऱ्या आरोळ्यांतून हळूहळू यमकबद्ध कवन उभें राहिलें.

या मंडळींत कृष्णवर्णीयांच्या जोडीला प्वेर्तो रिकोचीं मुलें प्रथमपासून होतीं. प्वेर्तो रिको हें कॅरिबियन समुद्रांतील बेट १८९८ सालीं स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यांत आलें. १९१७ सालीं तेथील लोकांस अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पोटाच्या पाठीमागें तेथील लाखों लोक न्यूयॉर्कास आले. 'कोल्ड क्रश ब्रदर्स' या गाजलेल्या मेळ्यांत तबकड्या फिरविणारा चार्ली चेस हा त्यांच्यांतलाच. 'रॉक स्टेडी क्रू' या नर्तकसंघाचा म्होरक्या क्रेझी लेग्ज हा त्यांच्यांतलाच. भुयारी आगगाडीच्या डब्यांवर प्रचंड चित्रें रंगविणारा ली किन्योनेस हाहि त्यांच्यांतलाच. ज्या तुकड्यांवर सारे नाचत त्यांतल्या कित्येकांतून कोंगा आणि बोंगो हीं क्यूबाकडील चर्मवाद्यें घुमत होतीं. हात त्यांचे, पाय त्यांचे, तालहि पुष्कळसा त्यांचा. पण तोंडांतली भाषा मात्र इंग्रजी!

याचें कारण आमच्या मतें श्रोत्यांत शोधलें पाहिजे. ब्रॉंक्सच्या चौकांत जमणारा समुदाय मिश्र होता आणि त्या सर्वांस कळणारी भाषा इंग्रजीच होती. स्पॅनिश ही घरांतली, आजीची, वडीलधाऱ्यांच्या गाण्यांची भाषा. शिवाय खुद्द बेटावरसुद्धां सत्तान्तरानंतर शाळांतून इंग्रजी हें शिक्षणाचें माध्यम करण्याचे प्रयोग अनेक दशकें चालले होते. १९४९ सालीं कोठें स्पॅनिशला तें स्थान परत मिळालें. ज्या भाषेस शाळेंत मागच्या बांकावर बसविलें जातें, ती चव्हाट्यावर पुढें येण्यास बुजली तर नवल नाहीं. १९८१ सालीं 'मीन मशीन' या मेळ्यानें 'डिस्को ड्रीम' नांवाच्या तबकडींत कांहीं स्पॅनिश चरण घातले; परंतु तो अपवादच ठरला. पुढें १९९८ सालीं ब्रॉंक्समधील प्वेर्तो रिकन घराण्यांतला बिग पन यानें आपल्या पहिल्या संग्रहानें दहा लाखांच्या खपाचा टप्पा गांठला, आणि स्वतंत्रपणें गाणाऱ्या लॅटिन रॅपकारांत हा मान त्यालाच प्रथम मिळाला; पण त्याचीं कवनेंहि मुख्यत्वें इंग्रजींतच आहेत.

दुसरा प्रयोग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर झाला. कॅलिफोर्निया हा प्रांत १८४८ च्या तहापूर्वीं मेक्सिकोचा होता, आणि लॉस एंजेलिसच्या पूर्व भागांत मेक्सिकन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. तेथील किड फ्रॉस्ट यानें १९९० सालीं 'ला रासा' हें कवन काढलें. मेक्सिकन तरुणांच्या गल्लींतली स्पॅनिश आणि इंग्रजी यांची सरमिसळ त्यानें जशीच्या तशी उचलली. त्याच सुमारास क्यूबांत जन्मलेल्या मेलो मॅन एसचें 'मेन्तिरोसा' हें गाणें गाजलें. त्यांत दोन्ही भाषा एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालतात. त्याचाच भाऊ सेन डॉग ज्यांत होता त्या 'सायप्रस हिल' मेळ्याचा 'ब्लॅक संडे' हा संग्रह १९९३ सालीं अमेरिकेच्या खपाच्या यादींत अग्रस्थानीं गेला.

या मिश्र भाषेस आम्ही भेसळ म्हणणार नाहीं. जीं मुलें दोन भाषांत वाढलीं त्यांची ती खरी बोलीच होय. परंतु मोठ्या बाजारासाठीं निघालेल्या पुष्कळ तबकड्यांतून स्पॅनिश हें मुख्य अन्न नव्हतें. तें तोंडीं लावणें होतें. स्पॅनिश न जाणणाऱ्या गिऱ्हाइकास चटका लागावा, पण ठसका लागूं नये, इतकेंच तें वाढलें जाई. ज्याला केवळ स्पॅनिश येतें असा श्रोता अजून दाराबाहेरच उभा होता. त्याचें वजन पुढें लोकांस कसें कळलें याची एक खूण म्हणजे १९९९ सालीं याच सायप्रस हिलनें आपलीं गाजलेलीं गाणीं स्पॅनिशमध्यें पुन्हां रचून त्यांचा स्वतंत्र संग्रह काढला.

बांध फुटला तो न्यूयॉर्कांत नव्हे आणि लॉस एंजेलिसमध्येंहि नव्हे. तो फुटला प्वेर्तो रिकोच्या राजधानींत, सान हुआन येथें. न्यूयॉर्कांत १९७१ सालीं जन्मलेला लुईस लोसादा हा मुलगा लहानपणींच आईबापांबरोबर बेटावर परतला आणि सान हुआनच्या पुएर्ता दे तिएरा या गरीब वस्तींत वाढला. विको सी या नांवानें तो १९८० नंतरच्या दशकांत स्पॅनिश कवनें रचूं लागला. त्याच्याजवळ कंपनी नव्हती, कारखाना नव्हता. डीजे निग्रो या तबकडीवाल्या मित्राच्या साह्यानें घरच्या घरीं ध्वनिमुद्रण करून त्याच्या कॅसेटी हातोहात विकल्या गेल्या. कॅसेट ही वस्तु स्वस्त, आणि एकीच्या दहा करणें कोणाहि पोराच्या हातचें. त्यामुळें पेढीवाल्याच्या संमतीवांचून गायक श्रोत्यापर्यंत पोंचूं शकला. विको सीच्या श्रोत्यांस इंग्रजी समजावून सांगण्याची किंवा स्पॅनिशबद्दल क्षमा मागण्याची त्याला गरजच नव्हती.

याच वेळीं दुसरा एक प्रवाह पनामाकडून आला. पनामाचा कालवा अमेरिकेनें १९०४ ते १९१४ या काळांत खणविला तेव्हां बार्बाडोस, जमैका इत्यादि बेटांतून हजारों कृष्णवर्णी मजूर तेथें नेले गेले. त्यांचीं नातवंडें-पतवंडें स्पॅनिश बोलूं लागलीं. पण जमैकाच्या रेगे संगीतावरील त्यांचें प्रेम सुटलें नाहीं. त्यांनीं तें संगीत स्पॅनिशमध्यें आणलें. नांदो बूम आणि एल हेनेराल हे त्यांतील प्रसिद्ध गायक. १९९० नंतर एल हेनेरालचीं गाणीं साऱ्या स्पॅनिश अमेरिकेंत वाजूं लागलीं. न्यूयॉर्कचा रॅप आणि पनामामार्गें आलेला जमैकाचा ठेका यांचा संगम सान हुआनच्या 'द नॉइज' या नाचघरांत आणि डीजे प्लेयेरोच्या कॅसेटींत झाला. त्या कॅसेटींस 'अंडरग्राउंड' म्हणत. पुढें त्याच प्रवाहाला रेगेटॉन हें नांव मिळालें. रॅप आणि रेगेटॉन हीं एक नव्हेत. एकांत शब्दाला मान अधिक, दुसऱ्यांत नाचाला. पण दोघांचीं गायकमंडळी पुष्कळशी तींच आणि श्रोता तर तोच.

हें सारें परकें रोप होतें असेंहि समजूं नये. प्वेर्तो रिकोच्या डोंगराळ भागांत दहा चरणांच्या 'देसिमा' छंदांत आयत्या वेळीं कवन रचण्याची परंपरा फार जुनी आहे. दोन कवींनीं समोरासमोर एकमेकांस उत्तरें द्यावीं आणि लोकांनीं निवाडा करावा, ही रीत कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्यास परकी वाटणार नाहीं. 'प्लेना' नांवाच्या लोकगीतास तर तेथें 'गाण्यांतलें वर्तमानपत्र' म्हणत; गांवांतली चोरी, संप, वादळ, लफडें, सर्व कांहीं त्यांत येई. स्पॅनिश शब्द इंग्रजीहून लांब आणि बहुधा स्वरान्त. त्यामुळें यमक सहज जुळतें, पण ठेका गांठण्यास जिव्हेला चपळाई लागते. नव्या पोरांनीं जुन्याच कसबाला नवा ताल दिला.

आतां आक्षेपाकडे वळूं. १९९३ सालीं बेटाचे गव्हर्नर झालेल्या पेद्रो रोसेयो यांनीं गुन्हेगारीविरुद्ध 'मानो दुरा', म्हणजे कठोर हाताचें, धोरण पुकारलें आणि गरिबांच्या सरकारी वसाहतींत राष्ट्रीय रक्षकदलाचे सैनिक उतरविले. अंडरग्राउंडचे गायक आणि श्रोते बहुतांशीं याच वसाहतींतले. १९९५ सालीं पोलिसांनीं सान हुआनमधील दुकानांवर छापे घालून अश्लीलतेच्या कायद्याखालीं या कॅसेटी जप्त केल्या. २००२ सालीं बेल्दा गोन्सालेस या सेनेटर बाईंनीं रेगेटॉनमधील कामुक नृत्यदृश्यांविरुद्ध सेनेटमध्यें चौकशी चालविली.

या कारवाईंत नीतीची चाड होती तितकाच वर्गाचा आणि वर्णाचा तिटकाराहि होता, असें आमचें मत आहे. कारण ज्या दारिद्र्याचें आणि गोळीबाराचें वर्णन गाण्यांत होतें, तें कॅसेटी जप्त करून नाहींसें होणार नव्हतें. तथापि आक्षेपाचा एक भाग खरा होता. या कवनांत स्त्रीस केवळ उपभोग्य वस्तु मानण्याची वृत्ति फार बळावली होती आणि ती अद्यापि गेलेली नाहीं. तिला खरें उत्तर मिळालें तें पोलिसांकडून नव्हे, त्याच मेळ्यांतील एका स्त्रीकडून. 'द नॉइज'च्या पुरुषी घोळक्यांत शिरलेल्या आयव्ही क्वीननें २००३ सालच्या 'किएरो बायलार' या गाण्यांत बजावलें कीं आपण कोणाबरोबर नाचलों म्हणजे त्याच्या शय्येवर जाण्यास रुकार दिला असा अर्थ होत नाहीं. त्याच सुमारास तेगो काल्देरॉननें 'एल आबायार्दे' या संग्रहांत आफ्रिकन गुलामांच्या वंशजांनीं राखलेल्या 'बोंबा' तालाला मानाचें स्थान दिलें आणि आपल्या काळेपणाचा अभिमान उघड बोलून दाखविला. कला सुधारते ती बहुधा अशी आंतून. स्पॅनिश श्रोत्यांत स्त्रिया होत्या, कृष्णवर्णी होते. त्यांनीं आपला गायक मागून घेतला.

एकदां स्पॅनिश श्रोता सांपडल्यावर प्रत्येक देशानें या कलेस आपलें दुःख सांगावयास लावलें. मेक्सिकोंत माँतेरे शहराच्या 'कोन्त्रोल माचेते'नें सरहद्दीच्या अलीकडची गोष्ट अलीकडूनच सांगितली. चिलीच्या आना तिहूचा जन्म १९७७ सालीं फ्रान्समध्यें झाला, कारण तिचे आईबाप पिनोचेच्या हुकूमशाहीमुळें देशोधडीस लागलेले होते; मायदेशीं परतल्यावर तिनें त्या जन्मसालाच्याच नांवाचें आत्मवृत्तपर कवन रचलें. क्यूबांत हवानाजवळच्या आलामार वसाहतींतील तरुण मायामीच्या आकाशवाणीवरून रॅप ऐकत. १९९५ पासून तेथें या कलेचा उत्सव भरूं लागला, आणि २००२ सालीं सरकारनें रॅपसाठीं स्वतंत्र संस्थाहि काढली. पण सरकारनें जवळ घेतलें म्हणजे गाणें सुरक्षित झालें, असें नव्हे. २०२१ सालीं क्यूबाच्या क्रांतीची 'मातृभूमि किंवा मृत्यु' ही घोषणा उलटवून 'पात्रिया इ बिदा', म्हणजे 'मातृभूमि आणि जीवन', हें गाणें निघालें आणि जुलैच्या निदर्शनांत तें लोकांच्या तोंडीं बसलें. त्या गाण्यास दोन लॅटिन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. आणि त्यांतील एक रॅपकार माइकेल ओसोर्बो यास २०२२ सालीं नऊ वर्षांची कैद सुनावण्यांत आली. आपल्या भाषेंत, आपल्या लोकांसमोर बोलणें कधीं कधीं किती महाग पडतें तें यावरून दिसेल.

बाजारास या श्रोत्याचा शोध उशिरां लागला. २००४ सालीं डॅडी यांकीच्या 'बार्रियो फिनो' संग्रहांतील 'गासोलिना' हें गाणें स्पॅनिशचा गंधहि नसलेल्या देशांत वाजलें. १९ वर्षांनीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. ज्या प्रकारच्या कॅसेटी पोलिसांनीं पोत्यांत भरल्या होत्या, त्याच घराण्यांतलें हें गाणें! अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेंत स्पॅनिश अमेरिकेशीं नातें सांगणारे ६ कोटी २१ लक्ष लोक आढळले. इतक्या गिऱ्हाइकांकडे पाठ फिरविणें कोणत्याहि पेढीस परवडणारें नव्हतें. पेढ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर साचेबंद गाणींहि आलीं. ज्या पनामाच्या मजूरवंशजांनीं पहिली वाट पाडली त्यांचीं नांवें मात्र आज थोड्यांच्याच स्मरणांत आहेत. हें या यशाचें उणें अंग होय.

तरीहि तो जुना संबंध तुटला नाहीं याचा पुरावा २०१९ च्या उन्हाळ्यांत मिळाला. 'कठोर हात' पुकारणाऱ्या गव्हर्नरांचे चिरंजीव रिकार्दो रोसेयो हे तेव्हां गव्हर्नर होते. २०१७ च्या मारिया वादळांत, सरकारनें मान्य केलेल्या अंदाजाप्रमाणें, २,९७५ माणसें दगावलीं होतीं. गव्हर्नर व त्यांचे सोबती यांचीं खासगी संभाषणें फुटलीं, त्यांत त्या मृतांचीहि थट्टा होती. लाखों लोक रस्त्यावर आले. 'काये १३' या मेळ्यानें नांवाजलेला रेसिदेन्ते, त्याची बहीण इले आणि बॅड बनी या तिघांनीं 'सुऱ्यांना धार' अशा अर्थाच्या नांवाचें कवन काढलें आणि मोर्चांतहि ते चालले. थोड्याच दिवसांत गव्हर्नरांनीं राजीनामा जाहीर केला. गाण्यानें सरकार पडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; पण बापाच्या काळीं ज्या कलेचा माल जप्त होत होता, ती लेकाच्या काळीं जनतेच्या अग्रभागीं उभी होती, हें नाकारतां येत नाहीं.

हाच बॅड बनी पुढें, २०२० सालीं, संपूर्ण स्पॅनिश संग्रहानें अमेरिकेच्या सर्वसाधारण यादींत पहिला आला; तसें पूर्वीं कधींहि घडलें नव्हतें. २०२२ चा त्याचा 'उन बेरानो सिन ती' हा वर्षांतील सर्वोत्तम संग्रहाच्या ग्रॅमी पारितोषिकासाठीं नामांकित झालेला पहिला स्पॅनिश संग्रह होय. आणि गंमत अशी, कीं फेब्रुवारी १९२३ नव्हे, २०२३ च्या त्या समारंभांत तो गात असतां दूरदर्शनच्या पडद्याखालीं उमटणाऱ्या अक्षरांत त्याचे शब्द आले नाहींत. तेथें एवढेंच आलें, कीं गायक इंग्रजी नसलेल्या भाषेंत गात आहे! कोट्यवधि लोकांच्या भाषेचें नांवहि त्या यंत्रणेच्या लेखीं नव्हतें. पण त्यामुळें त्या गायकाचें कांहीं अडलें नाहीं, कारण तो ज्यांच्यासाठीं गात होता त्यांस त्या अक्षरांची जरूर नव्हती. २०२५ सालीं त्यानें सान हुआनमध्येंच ओळीनें कार्यक्रम केले तेव्हां पहिले नऊ दिवस तिकिटें केवळ बेटावरील रहिवाशांस मिळत होतीं. जगास नंतर बोलावणें; पहिली पंगत घरच्यांची.

या इतिहासाचें सार आम्हांस असें दिसतें. स्पॅनिशभाषी गायक जोंपर्यंत दुसऱ्याच्या दारांत उभे राहून आपल्या भाषेचे दोन-चार शब्द पेरीत होते, तोंपर्यंत त्यांस कौतुक मिळालें, पण स्थान मिळालें नाहीं. ज्यांनीं इंग्रजी श्रोत्याचा विचारच सोडून दिला आणि शेजारच्या चाळींतल्या माणसास समजेल असें गाइलें, त्यांच्यामागें जग आपण होऊन आलें. अर्थात् प्रत्येकाच्या मागें जग येतेंच असें नाहीं. विको सीच्या काळीं हातोहात कॅसेटी विकणाऱ्या कितीतरी पोरांची आज कोणास आठवणहि नाहीं, आणि ओसोर्बोच्या वांट्यास तुरुंग आला. परंतु जग आलें नसतें तरी त्या गाण्यांचें काम झालेलेंच होतें. कारण ज्यांच्याविषयीं तीं होतीं त्यांनीं तीं ऐकलीं होतीं. मुंबईच्या वस्त्यांतून आज मराठींतहि रॅप रचणारीं मुलें आहेत. त्यांच्या कवनांचें मोल ठरवितांना आपले सुशिक्षित वाचक त्यांतील शब्दांची अभिरुचि तपासतील, आणि तें योग्यच आहे. पण त्याबरोबर हीं मुलें कोणाशीं बोलत आहेत आणि तो माणूस ऐकत आहे कीं नाहीं, हेंहि त्यांनीं पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.